हात उठला होता का, हे दुभाष्याने ठरवू नये

स्पॅनिशमधल्या 'रिन्या' या शब्दाला इंग्रजीत नेमके काय म्हणावे, हा वाद भाषांतराच्या क्षेत्रात वारंवार निघतो आणि दर वेळी त्याच दोन चाकोऱ्यांतून फिरून थांबतो. एका बाजूचे म्हणणे असे की यात वाद घालण्यासारखे काही नाही; कोशात 'क्वॅरल' म्हणजे तोंडाचे भांडण आणि 'फाइट' म्हणजे मारामारी असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत, संदर्भ पाहून त्यांतला एक उचलावा आणि पुढे जावे. दुसरी बाजू म्हणते की भांडणाचे शब्द ज्या त्या समाजाच्या रीतिभातींतून घडतात, तेव्हा 'रिन्या'चे खरे भाषांतर होणेच शक्य नाही. पहिल्या बाजूला प्रश्न दिसत नाही आणि दुसरीला उत्तर नको आहे. माझे मत दोहोंहून वेगळे आहे. मारहाण झाली की नुसती बोलाचाली झाली हे ज्या शब्दातून उघड होत नाही, तो शब्द न्यायालयात, पोलीस ठाण्यात किंवा जिथे त्यावरून कोणाचा तरी दोष ठरणार आहे अशा कोणत्याही ठिकाणी भाषांतरित करताना, ती संदिग्धता जशीच्या तशी पलीकडे पोहोचवणे हे भाषांतरकाराचे कर्तव्य आहे. त्यामुळे इंग्रजी वाक्य अवघडले तरी चालेल. हात उठला होता की नाही हे साक्षीदाराला विचारण्याचा अधिकार वकिलांना आहे आणि ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. मध्ये उभ्या असलेल्या दुभाष्याला तो नाही.

आधी शब्दाचीच ओळख करून घेऊ. 'रिन्या' हे नाम 'रेन्यीर' या क्रियापदापासून झाले आणि त्याचे मूळ दात विचकून गुरगुरणे अशा अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. स्पेनमध्ये आई मुलाला रागावते तेव्हा तेच क्रियापद वापरतात, दोन मित्रांत वितुष्ट येऊन बोलणे बंद होते तेव्हाही तेच. कोंबड्यांच्या झुंजीलाही 'रिन्या' म्हणतात, आणि दारूच्या गुत्त्याबाहेर सुरे निघाले तर वर्तमानपत्रे त्या घटनेलाही 'रिन्या'च म्हणतात. म्हणजे रुसव्यापासून खुनापर्यंतचा सारा पल्ला हा एक शब्द व्यापतो. मेक्सिकोच्या संघीय दंडसंहितेला ही अडचण पुरती ठाऊक होती. तिच्या ३१४ व्या कलमात 'रिन्या'ची व्याख्याच दिलेली आहे: दोन किंवा अधिक व्यक्तींमधील 'कृतीचा संघर्ष, शब्दांचा नव्हे'. 'शब्दांचा नव्हे' हे वेगळे सांगण्याची गरज कायदा करणाऱ्यांना का वाटली असेल? लोकांच्या बोलण्यात शब्दांचा संघर्षही 'रिन्या'च होता म्हणून. कायद्याने शब्दाचा अर्धा अर्थ छाटून टाकला, पण तो दंडसंहितेपुरता. रस्त्यावर, घरात, शेतात शब्द पूर्वीसारखाच दुहेरी राहिला. स्पेनच्या १९९५ च्या दंडसंहितेतही कलम १५४ मध्ये हेच क्रियापद आहे. मात्र तिथे नुसते भांडणे पुरत नाही, जमावाने गोंधळात एकमेकांवर तुटून पडणे आणि जिवाला धोका होईल अशी साधने वापरणे, या अटी त्याला जोडाव्या लागल्या आहेत.

या छाटणीवर काय काय अवलंबून असते ते पाहिले, म्हणजे वाद कोशाच्या पानापुरता का उरत नाही ते कळते. मेक्सिकोच्या त्याच संहितेत साध्या खुनाला १२ ते २४ वर्षांची शिक्षा आहे आणि 'रिन्या'त झालेल्या खुनाला ४ ते १२ वर्षांची. शिवाय कुरापत कोणी काढली आणि ती किती मोठी होती, हेही शिक्षा ठरवताना पाहावे लागते. वरवर पाहता हा शब्द आरोपीच्या बाजूचा वाटतो. पण त्याच शब्दाची दुसरी धार आरोपीवरच उलटते. 'रिन्या' आणि स्वसंरक्षण एकत्र नांदू शकत नाहीत, हे मेक्सिकोतील न्यायालयांचे जुने सूत्र आहे, आणि दोघांनी मिळून स्वीकारलेल्या मारामारीत स्वसंरक्षणाचा बचाव चालत नाही, ही भूमिका स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयानेही घेतलेली आहे. कारण स्पष्ट आहे. जो भांडणात उतरला, त्याने मार देण्याची आणि खाण्याची तयारी दाखवली, असे कायदा धरून चालतो. तेव्हा हा शब्द घटनेचे वर्णन करण्याबरोबरच दोघांच्या वाट्याला दोष वाटून देतो.

ही वाटणी आधुनिक काळाने शोधून काढलेली नाही. रोमन सम्राट हाड्रियनचा एक आदेश पुढच्या काळातल्या सम्राट जस्टिनियनच्या विधिसंग्रहात जपलेला आहे. ज्याने तलवार उपसून वार केला, त्याचा जीव घेण्याचा हेतू निःसंशय होता असे समजावे; पण भांडणाच्या भरात कोणी हातातली किल्ली किंवा स्वयंपाकाचे भांडे मारले, तर मारलेली वस्तू लोखंडाची असली तरी मारण्यामागे जीव घेण्याचा हेतू नव्हता असे धरून शिक्षा सौम्य करावी, असा त्याचा आशय आहे. किल्ली आणि भांडे! दुसऱ्या शतकातल्या कोणा घरात, कोणा गल्लीत पेटलेले भांडण त्या दोन वस्तूंतून आजही डोळ्यांपुढे उभे राहते. पण त्या आदेशाचा सारा भार कोणत्या शब्दावर आहे? 'भांडणाच्या भरात' यावर. भांडण होते हे आधी सिद्ध झाले, तरच किल्लीचा विचार. अठराशे वर्षांपूर्वीपासून मानवी कायदा या एका शब्दाच्या आधाराने खून आणि खुनाहून कमी अपराध यांत रेघ ओढत आला आहे, आणि भाषांतरकार तो शब्द हातात घेतो तेव्हा ती रेघही त्याच्या हातात येते.

आता कॅलिफोर्निया घ्या, कारण स्पॅनिश बोलणारा साक्षीदार आणि इंग्रजीत चालणारे न्यायालय यांची गाठ तिथे रोज पडते. तिथल्या दंडसंहितेच्या १९२ व्या कलमानुसार 'अचानक उद्भवलेल्या भांडणात किंवा रागाच्या भरात' झालेली हत्या खुनाहून कमी दर्जाची ठरते. तिला ३, ६ किंवा ११ वर्षांची शिक्षा आहे, तर दुसऱ्या प्रतीच्या खुनाला १५ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. कलमातला भांडणाचा शब्द 'क्वॅरल' आहे. याच राज्यात असाही नियम आहे की परस्परसंमतीने मारामारीत उतरलेल्या माणसाने थांबण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला नसेल आणि तसे समोरच्याला कळू दिले नसेल, तर त्याला स्वसंरक्षणाचा बचाव सहसा मिळत नाही. आता कल्पना करा की तिथल्या फ्रेस्नोच्या न्यायालयात हत्येचा आरोप असलेला एक शेतमजूर साक्षीत सांगतो, त्या माणसाशी माझी 'रिन्या' झाली. दुभाष्याने 'क्वॅरल' म्हटले, तर ज्युरीसमोर, म्हणजे दोष ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, तोंडातोंडी झालेली दोन माणसे उभी राहतात, आणि पुढचा वार स्वसंरक्षणाचा होता की नाही हा प्रश्न खुला राहतो. 'फाइट' म्हटले, तर दोघेही आधीच हातापायीवर आले होते असे चित्र होते, आणि परस्परसंमतीचा प्रश्न आरोपीच्या तोंडूनच निम्मा सुटल्यासारखा वाटतो. मजुराने यांतले काहीच सांगितलेले नाही. त्याने एक शब्द उच्चारला आणि दुसऱ्या कोणीतरी त्याच्या नावावर कबुली लिहून टाकली.

जाणकार इथे मला अडवतील, आणि अडवण्याचा त्यांना अधिकार आहे. मेक्सिकोतला शेतमजूर 'रिन्या' सहसा म्हणणारच नाही, तो भांडणाला 'प्लेइतो' किंवा 'पेलेआ' म्हणेल. 'रिन्या' हा पोलिसी अहवालांचा आणि वर्तमानपत्रांचा शब्द आहे, असे ते सांगतील. हे खरे आहे. पण या आक्षेपाने माझ्या म्हणण्याला बळच मिळते. मजुराच्या तोंडी 'रिन्या' आला, तर तो शब्द त्याने जबाब घेणाऱ्याकडून उचलला असण्याची शक्यता आहे, आणि ते वकिलाच्या कानावर गेलेच पाहिजे. 'प्लेइतो' म्हणाला, तर घोटाळा आणखी वाढतो. लॅटिनमधल्या ज्या शब्दापासून इंग्रजीतले 'प्ली' आणि 'प्लीड' हे न्यायालयीन शब्द आले, त्याच शब्दापासून 'प्लेइतो' आला. मध्ययुगीन स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ करार, वचन असा होता. सरदार आपल्या धन्याला निष्ठेचे जे वचन देई, त्यातही हा शब्द होता. पुढे तो न्यायालयातल्या दाव्याचा शब्द झाला. कोलंबसच्या वारसांनी स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध १५०८ पासून जे दीर्घकाळ दावे लढवले, ते इतिहासात 'प्लेइतोस' म्हणूनच ओळखले जातात, आणि स्पेनमध्ये आजही त्याचा पहिला अर्थ दिवाणी दावा हाच आहे. मेक्सिकोत आणि मध्य अमेरिकेत मात्र तो शब्द कचेरीतून बाहेर पडून गल्लीत आला आणि तंटा, वादावादी, गुद्दागुद्दी या सर्वांसाठी वापरला जाऊ लागला. माद्रिदमध्ये शिकलेल्या दुभाष्याने 'आमचा दावा चालू होता' असे भाषांतर केले, तर तो कोशाच्या दृष्टीने बिनचूक असेल आणि साक्षीच्या दृष्टीने सपशेल चुकलेला असेल. 'दिस्कुसिओन'ची गतही तीच. त्याचा स्पॅनिश अर्थ बहुतेक वेळा वादावादी असा असतो, पण दिसायला तो इंग्रजीतल्या 'डिस्कशन'सारखा असल्याने, नवख्या दुभाष्याच्या तोंडून आवाज चढवून भांडणारी दोन माणसे शांतपणे चर्चा करणारी होऊन बाहेर येतात.

माझ्या भूमिकेविरुद्धचा पहिला गंभीर आक्षेप असा की इंग्रजीतला 'फाइट' हा शब्दही दुहेरीच आहे. नवराबायको रोज 'फाइट' करतात असे इंग्रजीत म्हटले, तर कोणी लगेच मारहाण समजत नाही. मग संदिग्धतेला संदिग्ध शब्द तयार असताना एवढा खल कशासाठी? हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. मेक्सिकन साक्षीदाराच्या 'प्लेइतो'ला किंवा 'पेलेआ'ला सामान्यतः 'फाइट' हाच सर्वांत प्रामाणिक प्रतिशब्द आहे, असे माझेही मत आहे. पण शब्दाची संदिग्धता शब्दात जितकी असते, तितकीच ऐकणाऱ्याच्या परिस्थितीतही असते. स्वयंपाकघरातल्या गप्पांत जो शब्द दोन्हीकडे झुकतो, तो खुनाच्या खटल्यात, टेबलावर सीलबंद पिशवीत सुरा ठेवलेला असताना, एकाच बाजूला झुकतो. म्हणून 'फाइट' म्हणून गप्प बसणे पुरेसे नाही. मूळ शब्द तोंडाच्या आणि हाताच्या दोन्ही भांडणांना लागू होतो, हे न्यायाधीशांच्या परवानगीने नोंदवणे आवश्यक आहे. काही जण 'ऑल्टरकेशन' सुचवतात. तो शब्द दोन्ही अर्थांना खुला आहे यात शंका नाही आणि पोलिसी अहवालातल्या 'रिन्या'साठी मी तोच निवडीन, कारण दोन्ही शब्दांना कचेरीचा वास आहे. पण शेतात राबणाऱ्या माणसाच्या तोंडी तो घातला की तो माणूसच बदलतो. पोलिसांनी पढवलेला साक्षीदार आणि आपल्या भाषेत आपली हकीकत सांगणारा साक्षीदार यांत ज्युरी फरक करते, तो अशा शब्दांवरूनच. आणि दंडसंहितेतल्या 'रिन्या'साठी काही कोश 'अफ्रे' देतात, तो तर मला अजिबात मान्य नाही. इंग्रजी कायद्यात त्या शब्दाच्या मुळाशी बघणाऱ्यांना वाटणारी दहशत आहे, मेक्सिकोच्या कायद्यात दोघांची परस्पर मारामारी आहे; तिथे 'दोघांमधील परस्पर शारीरिक मारामारी' असे तीन-चार शब्दांत फोडून लिहिणेच योग्य.

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे, आणि त्याच्याशी झुंजल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. भाषांतरात ठेवलेली मोकळी जागा मोकळी राहत नाही, ऐकणारा ती आपल्या पूर्वग्रहाने भरून काढतो, असे हा आक्षेप सांगतो. स्थलांतरित मजूर म्हणजे दारू आणि सुरा, असे ज्याच्या मनात पक्के बसले आहे, त्याच्या हाती संदिग्ध शब्द देणे म्हणजे आरोपीला त्या पूर्वग्रहाच्या स्वाधीन करणेच. मग दुभाष्याने मवाळ शब्द निवडून तो तोल का सावरू नये? या युक्तिवादामागचा कळवळा खरा आहे. पण दुभाष्याच्या कळवळ्यावर न्याय टांगला, तर तो कळवळा कोणाच्या बाजूने झुकेल याची हमी कोण देणार? आज आरोपीसाठी मवाळ झालेला शब्द उद्या फिर्यादीसाठीही मवाळ होईल. हात मोडून घेतलेली बाई सांगते की नवऱ्याशी 'प्लेइतो' झाला. दुभाषी घराण्याची लाज राखतो आणि 'थोडी वादावादी झाली' असे इंग्रजीत म्हणतो. तिचा मोडलेला हात त्या भाषांतरातून नाहीसा होतो. भल्या हेतूने केलेली फेरफार आणि वाईट हेतूने केलेली फेरफार नोंदीत सारखीच दिसते, किंबहुना नोंदीत ती दिसतच नाही.

हे भय जुने आहे. स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींसाठी केलेल्या कायद्यांच्या १६८० च्या संग्रहात दुभाष्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातला १५२९ चा नियम दुभाष्यांना देणग्या घेण्यास मनाई करतो. १५३७ चा आदेश स्पष्ट सांगतो की मूळनिवासी लोक जबानी देतात तेव्हा दुभाषी त्यांनी न सांगितलेल्या गोष्टी घालतात किंवा सांगितलेल्या गोष्टी वेगळ्या रीतीने मांडतात आणि त्यामुळे अनेकांचा न्याय बुडाला आहे. सबब जबानी देणाऱ्याला भाषांतर नीट होते की नाही हे पाहण्यासाठी आपल्या विश्वासातला एक ख्रिस्ती माणूस बरोबर आणू द्यावा. १५६३ ची शपथ दुभाष्याला बांधून घेते की सोपवलेले काम तो स्पष्टपणे आणि उघडपणे सांगेल, काही लपवणार नाही आणि काही वाढवणार नाही. वसाहतवादी सत्तेने मूळनिवाशांवर केलेले अन्याय विसरण्याचे कारण नाही. पण निदान या एका बाबतीत त्या सत्तेला कळून चुकले होते की मधल्या माणसाचे मत हा न्यायातला सर्वांत निसरडा भाग आहे. 'वाढवणार नाही' या दोन शब्दांत माझी सारी भूमिका येते. 'रिन्या'ला 'फाइट' किंवा 'क्वॅरल' यांपैकी एकावर आणून ठेवणे म्हणजे एक माहिती वाढवणेच आहे.

अमेरिकेला हे उमगायला बराच उशीर लागला. न्यूयॉर्क राज्यातल्या सफोक परगण्यात रोहेलिओ नेग्रोन नावाच्या तेवीस वर्षांच्या प्वेर्तो रिकन मजुरावर खुनाचा खटला चालला. त्याला इंग्रजी येत नव्हते आणि त्याच्या वकिलाला स्पॅनिश येत नव्हते. सरकार पक्षाच्या चौदा साक्षीदारांपैकी बारा जणांनी इंग्रजीत साक्ष दिली, आणि सरकार पक्षानेच नेमलेल्या दुभाषी बाई मधल्या सुट्टीत त्याला त्या साक्षींचा गोषवारा सांगत. १९७० मध्ये संघीय अपील न्यायालयाने ही शिक्षा टिकू शकत नाही असा निर्णय दिला. नेग्रोनच्या दृष्टीने तो खटला म्हणजे बहुतांशी आवाजांची निरर्थक बडबड ठरली असेल, असे त्या निकालात म्हटले आहे. त्यानंतर आठ वर्षांनी, १९७८ मध्ये, संघीय न्यायालयांतील दुभाष्यांचा कायदा झाला. पण नेग्रोनच्या खटल्याने दुभाषी मिळण्याचा हक्क मिळवून दिला, दुभाष्याचे शब्द तपासण्याचा नाही. १९९१ मध्ये ब्रुकलिनच्या एका खटल्यावरून सर्वोच्च न्यायालयापुढे असा प्रश्न आला की स्पॅनिश जाणणाऱ्या लॅटिनो व्यक्तींना ज्युरीतून वगळणे वैध आहे का. मूळ स्पॅनिश समजत असताना ते दुभाष्याचेच इंग्रजी अंतिम मानतील याची खात्री वाटत नाही, असे कारण सरकारी वकिलाने दिले होते. न्यायालयाने वगळणे वैध ठरवले. याचा अर्थ काय होतो? साक्षीदाराचा मूळ शब्द न्यायदालनात सर्वांच्या कानांवर पडतो, पण पुरावा म्हणून उरतो तो दुभाष्याचा शब्द, आणि मूळ शब्द ज्यांना समजला त्यांना तो समजला नाही असे धरून वागावे लागते. इतकी निरंकुश सत्ता न्यायालयात दुसऱ्या कोणाकडे आहे? न्यायाधीशाच्या निकालावर अपील आहे, तज्ज्ञाच्या मतावर उलटतपासणी आहे. दुभाष्याच्या शब्दावर, तत्क्षणी कोणी हरकत घेतली नाही तर, काहीही नाही.

व्यावहारिक अडचण सांगणारे म्हणतील की दुभाष्याला क्षणभराचीही उसंत नसते, प्रत्येक शब्दाशी थांबला तर खटला वर्षभर चालेल. प्रत्येक शब्दाशी थांबावे असे कोणी म्हणत नाही. साक्षीदार बोलताना भाषांतर वाक्यामागून वाक्य असे होते, त्यात खुलासा मागण्यास जागा असते, आणि न्यायाधीशांची परवानगी घेऊन 'हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जातो' असे सांगणे हे दुभाष्याच्या व्यवसायात मान्य असलेले पाऊल आहे. ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे. त्यानंतर वकील विचारील, 'कोणी कोणाला मारले का?' आणि उत्तर साक्षीदाराच्या स्वतःच्या तोंडून येईल. यंत्राने केलेल्या भाषांतराची जी भलामण हल्ली होते, तिच्यावरचा माझा मुख्य आक्षेपही इथेच आहे. यंत्र शब्द चुकवते म्हणून नव्हे, कित्येकदा ते चांगला शब्द देते. पण बोलणाऱ्याकडे वळून 'तुम्हाला नेमके काय म्हणायचे आहे' असे विचारण्याची परवानगी ते न्यायाधीशांकडे मागत नाही. ते निवड करते आणि निवड केल्याचे सांगत नाही.

साहित्यात आणि कलेत मात्र मी हा आग्रह धरणार नाही. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात स्पॅनिश चित्रकार गोयाचे एक चित्र आहे: उजाड माळावर गुडघ्यांपर्यंत रुतलेले दोन पुरुष हातांतले सोटे उगारून एकमेकांवर तुटून पडलेले. गोयाने हे १८२० नंतरच्या काळात आपल्या घराच्या भिंतीवर रंगवले आणि त्याला नाव दिले नाही. पुढे त्याला 'सोट्यांचे द्वंद्व' आणि 'ला रिन्या' अशी दोन्ही नावे चिकटली. द्वंद्वाला नियम असतात, साक्षीदार असतात, 'रिन्या'ला नसतात. इंग्रजीत कोणी त्याला 'ड्युएल' म्हटले काय आणि 'फाइट' म्हटले काय, चित्रातल्या माणसांना शिक्षा होणार नाही. तिथे निवड ही रसिकतेची बाब आहे आणि ती ज्याची त्याला असू द्यावी.

मराठी वाचकाला हे सारे दूरचे वाटू नये, याचे कारण आपल्याच दंडविधानात आहे. पूर्वीच्या भारतीय दंडसंहितेच्या ३०० व्या कलमाचा चौथा अपवाद आता भारतीय न्याय संहितेच्या १०१ व्या कलमात आलेला आहे. अचानक उद्भवलेल्या 'क्वॅरल'वरून, रागाच्या भरात, अचानक झालेल्या 'फाइट'मध्ये, पूर्वनियोजनाशिवाय, गैरफायदा न घेता आणि क्रूरपणे न वागता झालेली हत्या हा खून नव्हे, असे तो सांगतो. एका वाक्यात दोन्ही शब्द आहेत आणि दोन्ही सिद्ध व्हावे लागतात. नुसत्या शिव्यागाळीने 'फाइट' होत नाही, तिला दोन्ही बाजूंचा सहभाग लागतो, असे न्यायालये सांगत आलेली आहेत. आमच्या वर्तमानपत्रांना ही पायरी नीट ठाऊक आहे. 'शाब्दिक बाचाबाचीचे पर्यवसान हाणामारीत झाले' हे वाक्य त्यांनी घासून गुळगुळीत केले आहे. पण गावचा साक्षीदार तसे बोलत नाही. तो म्हणतो, 'त्यांचं भांडण झालं.' हे 'भांडण' तोंडाचे की हाताचे? सत्र न्यायालयात ते मराठीत नोंदले जाते आणि अपिलात उच्च न्यायालयासमोर त्याचे इंग्रजी भाषांतर जाते. तिथे भाषांतरकाराने सरळ 'क्वॅरल' लिहिले, तर अपवादाची दुसरी पायरीच कागदावरून नाहीशी होते आणि आरोपी जन्मठेपेकडे ढकलला जातो. 'फाइट' लिहिले, तर ज्याने कदाचित हातही उगारला नव्हता, तो मेलेला माणूस मारामारीतला भागीदार ठरतो, आणि आता त्याला आपली बाजू सांगता येत नाही.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे आणि ती स्पॅनिशइतकीच मराठीलाही लागू आहे. ज्या शब्दावर अपराधाचा दर्जा अवलंबून आहे, तो शब्द भाषांतरित नोंदीत मूळ रूपात, भाषांतराच्या शेजारी, लिहिला जावा आणि साक्षीचे ध्वनिमुद्रण अपिलाची मुदत संपेपर्यंत जपले जावे. यावर कोणी म्हणेल की कोणते शब्द जपायचे हे आधी कसे ठरवणार. आरोपपत्रावर कलम लिहिलेले असते, आणि कलमात कोणत्या गोष्टी सिद्ध करायच्या तेही लिहिलेले असते. भांडणातून हत्या झाल्याचे प्रकरण असेल तर भांडणाचा शब्द जपायचा. संमतीचे प्रकरण असेल तर संमतीचा. ही यादी खटला सुरू होण्यापूर्वी दोन्ही वकील एका बैठकीत करू शकतात आणि दुभाष्याच्या हाती देऊ शकतात, म्हणजे साक्षीदाराने तो शब्द उच्चारताच कुठे थांबायचे, हे त्याला आधीच माहीत असेल.